आर्डिथची डावी

व्हर्लिन: बुधवारी सकाळी सव्वासातला करवत लागली, आणि कॉफी निवायच्या आत तुकडा सुटून ट्रेलरवर आला. तसंच लिही तुझ्या पेपरात, पोरी. जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा, वीतभर जाड. तो आता आर्डिथच्या परसात उभा आहे.

डेना: कशाचा तुकडा, ते वाचणाऱ्याला आधी कळायला हवं. पॉसम बेंड ड्रॅगवे, म्हणजे शेजारच्या दोन लेनमधून दोन गाड्या सरळ पळवायचा ट्रॅक, त्याच्या सुरुवातीच्या रेषेवरचं काँक्रीट. बरोबर? आणि तुम्ही व्हर्लिन पोग, तिथले स्टार्टर.

व्हर्लिन: दोन गाड्यांच्या मधे उभं राहून दिव्याचं बटण दाबणारा. शेवटच्या शर्यतीपर्यंत.

आर्डिथ: आणि मी आर्डिथ क्रूम. दुसऱ्या टोकाच्या टपरीत. गाडी शेवटची रेषा ओलांडून थांबली, वळून परत निघाली, की तिला वेळेची चिठ्ठी द्यायची. हा सोडायचा, मी झेलायची.

व्हर्लिन: आमची गाठ फोनवरच. जन्मभर एका ठिकाणी काम केलं, पण कामाच्या दिवशी हिचं तोंड पाहिलं नाही.

आर्डिथ: म्हणून तर टिकलं. पुडिंग घे. पर्सिमनची फळं आपल्याच झाडाची आहेत. आणि तू पण घे गं, लिहिता लिहिता खाता येतं.

डेना: घेते, बाई. आधी एक सांगा. ट्रॅकच्या पाटीवर अठ्ठावन्न साल आहे, मिस्टर पोगांच्या टोपीवर एकोणसाठ. कुठलं छापू?

व्हर्लिन: दोन्ही. अठ्ठावन्नला पोरं धावायला लागली, एकोणसाठला परवानगी आली. मधलं वर्ष शेरीफच्या कृपेनं. युद्धातली विमानाची धावपट्टी होती ती, नदीच्या वळणात ओसाड पडलेली. हायवेवर मरता ते तिथे मरा, म्हणाला, आणि कुलूप त्यानंच तोडून दिलं.

आर्डिथ: तेव्हा दिवे कुठले? माझा मर्ल झेंडा घेऊन दोन गाड्यांच्या मधे उडी मारायचा. लग्नाआधी मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो हवेत.

व्हर्लिन: तिथून खाली आलाच नाही तो. हिनं आणला.

डेना: आणि पाव मैलाची शर्यत निम्मी कधी झाली?

व्हर्लिन: केंटकीचा एक जण गेला तेव्हा. ऐंशी साल. गाडी थांबवणारी मागची छत्री उघडली नाही, ब्रेक लागले नाहीत, बंधारा चढून गाडी नदीत. मग ट्रॅक अर्ध्यावर आणला. थांबायला जागा वाढली.

आर्डिथ: माझ्या टपरीसमोरून गेला तो. त्याची चिठ्ठी माझ्या हातात होती. त्याच्या बायकोनं मागितली नंतर. चांगली वेळ लागली होती, मेलं.

डेना: बंद का पडला? लोक म्हणतात, आवाजामुळे.

व्हर्लिन: वरच्या टेकाडावर घरं झाली. आवाज होता म्हणून जागा स्वस्तात मिळाली, आणि राहायला आल्यावर आवाजाचीच तक्रार. आधी रात्रीच्या शर्यती गेल्या, मग रविवारच्या. मग मालक गेला. मुलं फ्लोरिडात. त्यांनी गोदामवाल्यांना विकून टाकला. एवढंच आहे. कुणाला शिव्या घालायच्या तर सापडत नाही कोणी.

डेना: आणि हा तुकडा?

आर्डिथ: त्यात माझा ब्रेंट आहे.

डेना: घाई नाही, बाई.

आर्डिथ: घाई कसली. पोराला जाऊन एकोणीस वर्षं झाली. रक्ताचा कर्करोग. तेहतिसावं लागलं होतं. चर्चमागच्या कबरस्तानात मर्लशेजारी जागा होती. नको म्हणाला. मला रेषेवर ठेव, म्हणाला. आमच्या ट्रॅकवाल्यांत करतात तसं. त्याच्या आधी दोघांचं केलं होतं. राख रेषेवर ओतायची, चाकं धरावीत म्हणून ट्रॅकवर मारतात तो चिकट रस वर टाकायचा, आणि त्यावर गाडी उभी करून मागची चाकं जागच्या जागी फिरवायची. धूर होतो. राख रबरात मिसळून काँक्रीटमध्ये मुरते. डॅरिल स्टॅबनं केलं, ब्रेंटच्याच गाडीनं. दोघं शाळेपासूनचे.

डेना: मिस्टर पोग, तुम्ही तिथे होता?

व्हर्लिन: मी एव्हन्सव्हिलला, इस्पितळात. छाती उघडून शिवली होती. हिनं फोन करून सांगितलं सगळं. नर्सनं रिसीव्हर कानाशी धरला होता.

आर्डिथ: आता हे काँक्रीट मर्लशेजारी बसवायचं. पाद्रीबाईंनी हो म्हटलंय, खड्डाही खणून झालाय. मी गेले की बापलेकांच्या मधे मला ठेवतील. एवढंच मागणं होतं माझं. बाकी ट्रॅकचं गोदाम करा, नाहीतर तळं करा.

व्हर्लिन: डेना, आता एक लिहून घे. हे आर्डिथलाही माहीत नाही. सांगणार नव्हतो, पण आता ट्रॅकच नाही, तर सांगायला हरकत काय?

आर्डिथ: अरे देवा. काय चोरलंस?

व्हर्लिन: ऐक तर. दर शर्यतीला काँक्रीटवर रबर चढतं. साठत गेलं की उंचवटा होतो, गाडी उसळते. म्हणून दर एप्रिलला ट्रॅक्टरमागे पोलादी पातं लावून रेषा खरवडायची. काँक्रीट दिसेपर्यंत. ते काम माझं. पण इस्पितळातून आल्यावर ब्रेंटच्या लेनला मी पातं लावू दिलं नाही. रेषेपाशी टेबलाएवढी जागा सोडून द्यायचो. असे एकोणीस एप्रिल गेले.

आर्डिथ: व्हर्लिन.

व्हर्लिन: पोरं शिव्या द्यायची. ह्या लेनला गचका बसतो, म्हणायची. मी म्हणायचो, जमीन खचलीय, नदीला विचारा. ये इकडे डेना, कडेनं बघ. करवतीनं कापलंय तिथे. वरचं काळं बघ, बोटभर जाड. झाडाच्या खोडासारखे थर आहेत. अगदी तळाचा थर, तो ब्रेंट.

आर्डिथ: बोलला नाहीस रे कधी.

व्हर्लिन: त्यात बोलायचं काय.

आर्डिथ: आणि मी तुला पुडिंगचा लहान तुकडा दिला.

डेना: हे मी वर घेते, बातमीच्या सुरुवातीलाच. एकच राहिलं. कुठली लेन लिहू?

व्हर्लिन: डावी.

आर्डिथ: उजवी.

व्हर्लिन: झालं! आता हे ऐकल्याशिवाय तुला सुटका नाही, पोरी. ही बसायची त्या टोकाला, गाड्यांकडे तोंड करून. सगळं जग ड्रायव्हरच्या बाजूनं डावं-उजवं म्हणतं, आणि ही आपल्या खुर्चीवरून. "डाव्या लेनवर तेल सांडलंय" असा हिचा फोन आला, की आम्ही उजवीवर धावायचो. आर्डिथची डावी म्हणजे आपली उजवी. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचं.

डेना: म्हणजे बाई उजवी म्हणाल्या, तर मी डावी लिहायची.

व्हर्लिन: शिकलीस.

आर्डिथ: थांब. मी आत्ता उजवी म्हटलं ते तुमचं उजवं.

व्हर्लिन: तुझं कधीपासून आमचं व्हायला लागलं?

आर्डिथ: ब्रेंटच्या बाबतीत नेहमी. त्या दिवशी मी टपरीत नव्हते रे. तुमच्या टोकाला उभी होते, पहिल्यांदा आणि शेवटची. गाडीशेजारी. तो जिथून बघायचा तिथून बघितलं मी सगळं. उजव्या लेनमध्ये ठेवला त्याला. तेच सांगितलं तुला फोनवर.

व्हर्लिन: उजवीच म्हणालीस तू.

आर्डिथ: मग?

व्हर्लिन: मग मी उलटवलं. नेहमीसारखं.

आर्डिथ: हा तुकडा कुठल्या लेनचा आहे, व्हर्लिन?

व्हर्लिन: मी स्वतः खडूनं आखून दिला. करवतवाल्याला हाताला धरून नेलं तिथे.

आर्डिथ: कुठल्या लेनचा?

व्हर्लिन: डाव्या.

डेना: एक मिनिट. बाई, एकोणीस वर्षांपूर्वीचं आहे. तुमची आठवण चुकत असेल. ते डॅरिल स्टॅब कुठे असतात?

आर्डिथ: ओक्लाहोमात. नंबर फ्रिजवर लावलाय. लाव. चुकली असेन मी. म्हातारी झालेय, चुकते. लाव तू.

(डेना फोन लावते. पलीकडचं फक्त तिला ऐकू येतं.)

डेना: मिस्टर स्टॅब? आर्डिथबाईंच्या घरून बोलतेय. नाही, त्या बऱ्या आहेत. ब्रेंटची राख कुठल्या लेनमध्ये ठेवली होती, एवढंच विचारायचं होतं… ड्रायव्हरच्या बाजूनं?… नक्की?… हो. सांगते त्यांना.

व्हर्लिन: काय म्हणाला?

डेना: उजवी. नदीकडची. ब्रेंट दुसऱ्या लेनमध्ये कधी जिंकला नाही, म्हणाले, तिथे कसा ठेवीन.

व्हर्लिन: नदीकडची म्हणायचं होतंस, आर्डिथ. नदी दोन्ही टोकांकडून एकाच बाजूला असते.

आर्डिथ: तू विचारायचं होतंस.

व्हर्लिन: नाकात नळ्या होत्या माझ्या.

आर्डिथ: नंतर नव्हत्या. गचका बसतो म्हणून पोरं माझ्या खिडकीशी पण कुरकुरायची. डाव्या लेनला गचका आहे, म्हणायची. मी म्हणायचे, असेल बाबा. माझा मुलगा उजवीत आहे, मला काय.

व्हर्लिन: म्हणजे एकोणीस वर्षं मी राखण केली ती…

आर्डिथ: रबराची. उजव्या लेनला पातं लावायचास?

व्हर्लिन: आर्डिथ, नको.

आर्डिथ: लावायचास का?

व्हर्लिन: दर एप्रिलला.

आर्डिथ: काँक्रीट दिसेपर्यंत.

व्हर्लिन: हो.

आर्डिथ: त्याला जाऊन किती दिवसांनी पहिल्यांदा एप्रिल महिना आला? नको, सांगू नकोस. निघालेलं कुठे टाकायचास?

व्हर्लिन: बंधाऱ्यापलीकडच्या खड्ड्यात. जुने टायर टाकायचो तिथेच.

आर्डिथ: तो खड्डा दोन हजार आठच्या पुरात गेला.

व्हर्लिन: गेला.

डेना: मिस्टर पोग, बसा तुम्ही. बाई, पाणी कुठे आहे?

व्हर्लिन: मला नको पाणी. तिला दे.

आर्डिथ: मलाही नको. तो ट्रेलर ने इथून.

व्हर्लिन: कुठे नेऊ?

आर्डिथ: मला काय विचारतोस? तू आणलास. कुणाचा गचका आहे तो, त्याच्या दारात नेऊन ठेव.

व्हर्लिन: आर्डिथ, काँक्रीटला भोकं असतात, बारीक बारीक. पातं वरवरचं नेतं. आत मुरलेलं नाही निघत. मी पाहिलंय, पन्नास वर्षांपूर्वीचं तेल उन्हाळ्यात वर येतं. उजवा तुकडा मिळाला तर त्यात थोडा तरी…

आर्डिथ: थोडा तरी काय? बोल. माझ्या मुलाचं थोडं तरी काय?

व्हर्लिन: मी फक्त म्हणतोय की तुकडा असेल तिथे अजून.

आर्डिथ: तू डाव्या लेनवर खडू मारलास. बाकीचं त्यांना फोडायचंच होतं.

व्हर्लिन: सगळं एकदम नाही फोडत. डेना, ट्रॅक फोडणाऱ्यांच्या फोरमनचा नंबर आहे ना तुझ्याकडे? विचार. उजव्या लेनचं रेषेवरचं काँक्रीट. ड्रायव्हरच्या बाजूनं. नको, नदीकडचं म्हण. नदीकडचंच म्हण.

डेना: लावतेय. शनिवार आहे, उचलतात की नाही… हॅलो? हो, वर्तमानपत्रातून. सकाळीच बोललो आपण. नदीकडच्या लेनचं काँक्रीट, अगदी सुरुवातीचं, ते कुठे आहे आता?… कधी?… दोन्हीत?… कुणाला माहीत असेल?… थांबते… बरं. बरं.

आर्डिथ: सगळं सांग. गाळू नकोस काही.

डेना: गुरुवारीच फोडलं. दोन ट्रक भरले. एक नव्या पुलाच्या भरावात गेला, काल त्यावर रोलर फिरला. दुसरा खडीच्या यार्डात आहे, इतर ढिगात ओतलेला. रेषेचे तुकडे कुठल्या ट्रकमध्ये गेले, ते त्यांना सांगता येत नाही.

व्हर्लिन: ड्रायव्हरला माहीत असेल. भरताना माणूस बघतो.

डेना: तेही विचारलं. ड्रायव्हर एकच होता दोन्ही खेपांना. मासे धरायला गेलाय, फोन लागत नाही. सोमवारी येईल.

आर्डिथ: आणि यार्डातला ढीग?

डेना: तोपर्यंत तसाच आहे. आज-उद्या यार्डाला कुलूप. ढीग भरडून खडी करणारं मशीन सोमवारी सकाळी सहाला सुरू होतं.

आर्डिथ: ड्रायव्हर किती वाजता येतो?

डेना: वेगवेगळ्या वेळी येतो, म्हणाले. कधी सहाच्या आधी, कधी नंतर.