बाहीचा कागद

नाही हो मावशी, बसा तुम्ही, ती पिशवी माझीच आहे, घेते खाली — तर काय सांगत होते? हां, अस्तर. कोटाचं अस्तर आतल्या आत उसवतं ना, आणि वरून कोट कसा, नवाकोरा! तसंच झालंय म्हणे माझ्या भावाचं. काळजातून निघते ती मोठी रक्तवाहिनी — तिचा आतला पदर फाटला आणि रक्त मधल्या फटीत घुसलं. बाहेरचाही फाटला की संपलंच. डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या नाहीत, पण मला कळलं. आता आत शिवतायत. कापडाचीच नळी जोडतात तिथे, ठाऊक आहे? मी विचारलं, ते कापड पुढे आटत नाही ना हो? हसल्या बिचाऱ्या. रडू फुटत होतं मला आणि विचारतेय काय, तर हे — शिंपीण ती शिंपीणच!

दुकान आमचं दोघांचं. सकाळी वरच्या फळीवरचा तागा काढायला त्यानं हात वर केला — त्याला स्टूल लागतच नाही, सगळी गल्ली बांबूच म्हणते — आणि मटकन खाली बसला. "ताई, पाठीत काहीतरी टर्रकन फाटलं." फाटलं म्हणाला हो, दुखतंय नाही! आणि मी? मी म्हटलं, गॅस झाला असेल, गरम पाणी पी. घामानं निथळायला लागला तेव्हा कुठे गाडीत घालून आणला. इथेही आधी सगळ्यांना हार्ट अटॅकच वाटला. रक्त पातळ करायचं औषध देणारच होते — तेवढ्यात ह्या डॉक्टरीणबाई, असतील माझ्या लेकीहून थोड्या मोठ्या, म्हणाल्या, थांबा. एका हाताचं बीपी घेतलं, मग दुसऱ्या हाताचं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक! तसाच स्कॅनला पळवला. ते औषध गेलं असतं तर रक्त थांबवणं मुश्कील होतं म्हणे. मग मला विचारतात, घरात आणखी कोणी असं उंच, हात लांबच लांब, बोटं लांब? म्हटलं, वडील. ते कशानं गेले? म्हटलं, उभ्याउभ्या गेले, कात्री हातातच होती. आणखी कोणी? म्हटलं, कोणी नाही.

कोणी नाही. हो ना — अशा काय बघताय? लेक म्हणाले का मी मघाशी? आता बोललेच आहे तर ऐका. आमच्याकडे बाहीचा एक कागद आहे — बेतायचा नमुना हो — वडिलांनी स्वतःच्या मापाचा कापलेला. इतरांपेक्षा चांगली वीतभर लांब बाही. तोच पुढे भावाला लागला. आणि मागच्या थंडीत लेकीचा कोट बेतायला घेतला, माप घेतलं, आणि सरळ तोच कागद काढला. तसूभर फरक नाही! काय हसले होते मी. म्हटलं, बांबू, भाची तुझ्यावर गेली रे, माझी मेहनत वाचली.

बास्केटबॉल खेळते ती. नुकतीच संघात निवड झालीय, घरभर नाचत होती. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, हे घराण्यात उतरतं, असं लांब हातांचं आणखी कोणी असेल तर लगेच तपासायला आणा, तोवर उड्या मारणं बंद, जड उचलणं बंद. कसं सांगू हो तिला? आणि खरं विचाराल तर खेळाचंही नाही — एकजण आत टेबलावर, त्यात दुसरीचं नाव घ्यायचं, माझी जीभच उचलेना. भीती वाटते मला, मावशी. फार भीती वाटते.

आली बघा. सरावावरनं थेट आलेली दिसतेय. तिच्यासमोर यातलं काही काढू नका हं, दुसरं काहीतरी बोला — ये गं, ये. मामा आतच आहे अजून. बस इथे, या मावशी, त्यांचे यजमान आहेत आत — काय? वरची खिडकी? आपटू दे गं, वारा आहे, राहू दे — अगं, हात वर नको करूस! नको म्हणते ना!

... काही नाही. ओरडले का मी? काही नाही गं. बस तू.

मावशी, जरा सरका. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या आहेत, हिच्या हातांकडेच बघतायत. उठू द्या मला.