रांजणात बोलत राहावं लागतं

रांजणात उतरलेल्या माणसाची कथा काखेती प्रांतातल्या द्राक्षगावांत तीन प्रमुख रूपांत आढळते. एका रूपात वर सून उभी असते आणि आत सासरा. ती दगडी झाकण ओढून घेते. दुसऱ्यात वरचा शेजारी लग्नाच्या वरातीतल्या वाद्यांमागे निघून जातो आणि परत येईतो संध्याकाळ होते. तिसऱ्यात दोघे सख्खे भाऊ असतात. तिन्ही रूपांना एकच नियम पायाभूत आहे: आत उतरलेल्याने सतत बोलत राहायचे, आणि आवाज थांबला की वरच्याने मागचापुढचा विचार न करता दोर ओढायचा. या रूपांत निवेदक नेहमी तिऱ्हाईत असतो. अलाझानीच्या खोऱ्यात मिळालेले पुढील रूप याच बाबतीत निराळे आहे. त्यात सांगणारा हा तेव्हा वर उभा राहिलेला भाऊच आहे, आणि सांगताना तो स्वतः रांजणाच्या तळाशी आहे.

त्याचे नाव एलगुजा. वय एकसष्ट. घरामागच्या मरानीत, म्हणजे जिथे वाइनचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात त्या थंड कोठीत, नऊ रांजण होते. तोडणी आठवड्यावर आल्यामुळे तो त्यांतल्या सर्वांत मोठ्या रांजणात धुलाईसाठी उतरला होता. त्याच्या बगलेखाली बांधलेला दोर वर आढ्याच्या कप्पीवरून गेलेला, आणि दुसरे टोक पिक्रियाच्या हातात. पिक्रिया ही त्याच्या मृत भावाची, मुरमानची मुलगी. ती चार वर्षांची असताना आई तिला त्बिलिसीला घेऊन गेली. बापाच्या वाट्याची बाग कसायला ती तीन आठवड्यांपूर्वी परतली होती. इतक्या दिवसांत तिने काकाला एक गोष्ट विचारली नव्हती. ती तिने आत्ता विचारली.

“—आत्ता? आत्ता सुचलं तुला, मी इथं बेडकासारखा तळाशी बसलोय तेव्हा? तीन आठवडे एका टेबलावर भाकरी मोडतोय आपण, तेव्हा जीभ कुठं होती तुझी — मान जरा बाजूला घे, उजेड अडतो. हां. दोर सैल सोडू नकोस. सांगतो, सांगतो, पण आधी काम बघ, तुला शिकायचंय ना? हा चेरीच्या सालीचा ब्रश. लोखंडी तार लावायची नाही, आतला मेणाचा थर निघतो आणि मग माती वाइन पिऊन टाकते. चुन्याचं पाणी, मग साधं पाणी, मग परत साधं पाणी, ते बादलीनं उपसायचं, वास घ्यायचा — वास आला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं द्राक्षं सालीबियांसकट आत जातात, देठसुद्धा, आणि वसंतापर्यंत मातीत झोपतात, म्हणून तर चहासारखा रंग. परवा एक जर्मन पाहुणा विचारत होता, ही पांढरी वाइन पिवळी कशानं झाली? म्हटलं, बाबा, कावीळ झाली तिला! — हसलीस? नाही. बापासारखी आहेस, तोही माझ्या विनोदांना हसत नसे.

“तुझा बाप. हो. त्यात सांगण्यासारखं काय आहे? त्या वर्षी पीक एवढं आलं की आठ रांजण भरले तरी गाड्या येतच होत्या. हा नववा घाईघाईनं धुवायला काढला. मेणबत्ती आत सोडून हवा बघितली, चांगली जळत होती, तेव्हाच तो उतरला. पण शेजारी आठ रांजणांत रस उकळत होता ना — त्याचा वायू जड असतो पोरी, जमिनीला धरून सरकतो, पाण्यासारखा, आणि खोल जागा दिसली की आत उतरतो. दिसत नाही. मुरमान बोलता बोलता थांबला, मी लगेच दोर ओढला, तरी उशीर झाला होता. झालं. पोलिसाला हेच सांगितलं, पाद्र्याला हेच, तुझ्या आईलाही हेच. तिचा विश्वास बसला नाही — बायकांचा बसत नाही — बसायला पाहिजे होता असंही नाही — ते असो. मी तिथंच होतो, तू आहेस त्याच ओंडक्यावर, सुरी हातात, कलिंगड नुकतं —

“कसलं कलिंगड? मी कलिंगड म्हणालो? म्हणालो असेन. तोडणीच्या दिवसांत कलिंगड कुणाकडं नसतं? बघ, ही अशी फजिती आहे या कामाची. बोललो तर असं काहीतरी तोंडातून सुटतं, आणि गप्प बसलो तर तू मला वर ओढणार, मग तुझ्यासमोर उभं राहावं लागणार, उजेडात — त्यापेक्षा बोलतो. इथं बरं आहे. इथून तू नुसती सावली दिसतेस, रांजणाचं तोंड ताटाएवढं दिसतं.

“आमचं भांडण चाललं होतं. वसंतात पाचवा रांजण उघडला तर आत नुसता शिरका! झाकणाभोवतीची चिकणमाती ओली ठेवावी लागते, नाहीतर भेगा पडतात, हवा शिरते, मग कितीही देवाचं नाव घे, वाइन गेली. ओली कुणी ठेवायची? मी. मी ठेवली होती का? — नव्हती. हे त्याला मी कधी कबूल केलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय. पण त्याला माहीत होतं. ईस्टरच्या जेवणात, सगळे पाहुणे बसलेले, आणि हा पेला उचलून म्हणतो, ‘आमच्या आंबटरावांच्या आरोग्यासाठी!’ तेव्हापासून सगळा गाव मला आंबटराव म्हणायला लागला. दुकानात आंबटराव, चर्चमध्ये आंबटराव. त्या दिवशीही इथून खालून हेच चाललेलं, घासतोय आणि ओरडतोय, ‘काय आंबटराव, पाणी सोडा! ओलं ठेवायचं विसरू नका!’

“आणि मग गप्प झाला.

“आता हे ऐक, नाहीतर तुला कळायचं नाही. तुझ्या बापाला खोड होती. आम्ही लहान असताना बाबा वर असायचे, हा आत. बाबा रागावले की हा मुद्दाम बोलणं थांबवायचा. म्हातारा घाबरून दोर ओढायचा, आणि हा वर येऊन खिदळायचा. मलाही कितीदा फसवलंय त्यानं, मी रडत रडत ओढलंय त्याला, आणि हा वर येऊन माझ्या डोक्यावर चुन्याचं पाणी ओततोय! म्हणून त्या दिवशी म्हटलं, बस रुसून. या वेळी मी धावणार नाही. या वेळी तू हाक मारशील मला, नावानं, एलगुजा म्हणून. आणि कलिंगडाची फोड खाल्ली. मग आणखी एक. बिया या काठावर थुंकत होतो, मुद्दाम आवाज करून, त्याला कळावं मी किती मजेत आहे ते. एक बी आत पडली. टप् — खालच्या पाण्यात. मी थांबलो. म्हटलं, आता शिवी देईल.

“तिसरी फोड माझ्या हातात होती, पोरी.”

वरची सावली बाजूला झाली होती. एलगुजाने ब्रश खाली ठेवला, पण बोलणे सोडले नाही.

“तेव्हापासून हा रांजण मी कुणाला धुऊ दिला नाही. इटलीवाले आले होते, आमच्याकडे चला म्हणाले, मातीची वाइन शिकवा, घर देऊ — नाही गेलो. कसा जाणार? दर वर्षी इथं येतो, शेजारच्या गोचाला वर उभा करतो, तो बहिरट, त्याला मी काय बोलतो ते कळत नाही, नुसता आवाज कळतो. यंदा त्याचा पाय मोडला आणि तू म्हणालीस, मी धरते दोर. मी नको म्हणू शकलो असतो. — पिक्रिया? तू आहेस ना तिथं? निदान खोक तरी. वरच्यानं बोलायचा नियम नाही, ते खरं आहे. घर उघडं आहे, तुझ्या बापाच्या वाट्याची किल्ली खिळ्याला आहे, त्बिलिसीची गाडी चारला सुटते. माझं बोलून संपलं. आता मी गप्प बसतो. खरंच बसतो, रुसून नाही. तुला काय करायचं ते —”

तो थांबला.

त्याच क्षणी दोर ताणला गेला, आणि एलगुजाचे पाय तळापासून सुटले.