पंखा थांबल्यावर भंडारा

हॅलो? … हॅलो, कोण? … माया! आगं बोल की. … येतोय, येतोय आवाज. हितं डीजे लावलाय, म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलंय. थांब, देवळामागं जाती.

हां, आता बोल. सांगलीत अक्षता पडल्या का? … टायमावर? झाक झालं! मग रविराज आन नवरी बसणार न्हवं आता तुज्या हेलिकॉप्टरात? … जेवायला बसल्यात व्हय. पर रविराजला जास्त खाऊ देऊ नको बाय. त्याला एसटीत बी मळमळतंय. हातात पिशवी दे त्याच्या. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, मशिनीत ओकला तर निस्तरायचं तुलाच.

… हितं? हितं तर यात्राच भरलीया! आजूबाजूच्या वाड्या समद्या आल्यात. नवरा-नवरीला कोण बघायला आलंय, तुलाच बघायला आल्यात. आन ज्यो त्यो मलाच इचारतोय, सुलाबाई, पोरगी विमान चालवती म्हणत हुतीस, मग हे हेलिकॉप्टर कसं काय? मी सांगितलं, दोन्हीचं लायसन हाय तिच्याकडं, विमानाचं बी आन ह्येचं बी. तर तुजी मेढ्याची मामी म्हणती, दोन्ही एकच की वं, वरच उडायचं. मी म्हणलं, तुमच्या मालकास्नी बैलगाडी बी येती आन मोटरसायकल बी येती, ती काय एकच हाय? … हसू नको. बरोबर सांगितलं का न्हाई? … मग!

… जागा? तयार हाय की. काल तुमच्या कंपनीचा माणूस आला, अमृत न्हवं का त्यो. त्यानं दगडं-गोटं येचून घेतलं, पाणी मारून घेतलं, चुन्यानं गोल आखला, मधी इंग्रजी एच काढला. … हाय, तसाच हाय. म्हंजे… तसाच, पर त्याच्याबी वर भारी झालाय. … आगं ऐक ना. आप्पांनी सकाळी उठून त्याच्यावर भंडारा टाकला. … भंडारा गं! बिरोबाचा. हळद! … चिमूटभर कशाला, गोणीभर. म्हणले, माजी नात पैल्यांदा दारात उतरणार, आन ती काय पांढऱ्या फटक चुन्यावर उतरणार व्हय? पिवळं धमक दिसतंय बग माया, डोळं दिपत्यात.

… माया?

… हॅलो? गेला का फोन?

… हाईस व्हय. मग बोल की. … आता वरडतीस कशापायी? … अमृत? हितंच उभा हाय की. … त्याला दिसलं न्हाई कसं? दिसलं. पर देवाचं हाय, म्हाताऱ्या माणसाला कसं बोलायचं, म्हणून गप बसला. त्यानं बी लावून घेतला कपाळाला. … मी काय देऊ त्याला शिव्या! तूच दे.

… व्हय. … व्हय. … पंख्याचं वारं एवढं? … मांडवाचं कापड उडंल? … आन समदा भंडारा वर. … कायच दिसणार न्हाई? … जमीन बी न्हाई?

आगं बाई.

… न्हाई, कळतंय मला. यात्रंत भंडारा उधळला की फुडचा माणूस दिसत न्हाई. पर तवा आपलं पाय जमिनीवर असत्यात. … व्हय. तुजं वर असणार.

… मग टँकर बोलावू? हाय की, तुज्या भाऊसो काकाचाच हाय. आत्ता मारतील पाणी… पर माया, भंडाऱ्यावर टँकर कसा घालायचा गं? टायराखाली? देवाचा भंडारा धुवून मातीत? आप्पा घरात तरी घेतील का आमाला? … त्ये तितं गोलातच बसल्यात. खुर्ची टाकून. कुणाला फिरकू देत न्हाईत.

… आटपाडीला उतरणार? आन तितनं रविराजला मोटारीनं पाठवणार? … तुला मशीन सोडून येता येत न्हाई म्हणतीस, मग आप्पा?

आगं, त्यास्नी गुडघ्यानं चालवत न्हाई, आटपाडीला कुटनं येत्यात त्ये? आन फुडच्या महिन्यात तू विमानाच्या कंपनीत चाललीस. विमान काय आपल्या माळावर उतरतंय व्हय? … रोज मेंढराकडं बसत्यात आन वरनं कुटलं बी विमान गेलं की हात वर करत्यात. मी म्हणती, आवं आप्पा, आपली माया दिल्लीला हाय, ही ती न्हवं. तर म्हणत्यात, नसंना का, कुणाची तरी नात असंल. … आन आता तर ठिपका बी दिसत न्हाई त्यास्नी. आवाज आला की आवाजाकडं हात करत्यात.

… रडत न्हाई मी. भंडारा गेलाय डोळ्यात.

… न्हाई, ऐक. तू आटपाडीलाच जा. मला हौस हाय, न्हाई म्हणत न्हाई. बारा वाड्यांत मिरवलंय मी, माजी लेक दारात उतरणार म्हणून. पर त्या पिवळ्या ढगात तू असशील आन मी खाली उभी असंन… न्हाई गं. माज्यानं बघवणार न्हाई. जा तू आटपाडीला. लोकास्नी काय सांगायचं त्ये मी बगती.

… कुणाला? आप्पाला देऊ फोन? … आगं, आईकणार न्हाईत त्ये. … बरं बरं, देती. थांब, जाती तिकडं.

ए, सरका की जरा! … सूरज, ती मेंढरं घाल आधी वाघरात, जाळीच्या आत, माळावर नगंत आज. … आप्पा. आवं आप्पा, माया हाय फोनवर. तुमच्याशी बोलायचंय. … न्हाई, उलटा धरलाय तुमी. हां, असा. बोला.

…

काय म्हणती, आप्पा?

…

आप्पा? … आवं, उठताय कुटं? काठी तरी घ्या. … आं? बायकास्नी बोलवू? समद्या? … आता कशाला?

… हॅलो, माया? मीच हाय. काय सांगितलंस गं म्हाताऱ्याला? … एवढंच? “आप्पा, मला खालचं दिसणार न्हाई”? बास, एवढंच?

आगं, उठले त्ये! वाकले बी! गुडघा दुखतोय म्हणणारं म्हातारं खाली बसलंय आन मुठीनं भंडारा उचलतंय. म्हणत्यात, पोरीला वाट दिसंना तर देवाला काय करायचाय असला भंडारा? उचला म्हणले समद्यांनी, कपाळाला लावा, पदरात बांधा, घरला न्या. धुवायचा न्हाई, उचलायचा. … व्हय! बायका पळत आल्यात. तुजी काकी सुपलीच घेऊन आलीया. मेढ्याच्या मामीनं नव्या शालूचा पदर पसरलाय, बग! ए मामी, पिवळा डाग जात न्हाई बरं! … म्हणती, जाऊ दे.

… व्हय, व्हय, राहिलेला मग पाण्यानं बसवतील. टँकर आला बी. अमृतला सांगती, नीट बघून मग तुला फोटू पाठवायला. माज्यावर इस्वास ठेवू नको, मी आता काय बी व्हय म्हणंन. त्यो म्हणला तरच नीघ.

… आन एक. आप्पाची खुर्ची मी डावीकडं मांडलीया, लांब, अमृतनं बांधलेल्या दोरीच्या बाहीर. तू डावीकडं बसतीस न्हवं? फोटूत बघितलंय मी. … त्ये विमानात? … मग ह्यात? … उजवीकडं! आगं माजे बाई, आदी सांगायचं का न्हाई! म्हातारं रिकाम्या खिडकीला हात करत बसलं असतं की! … वारं कुटनं म्हंजे? आज पश्चिमेचं हाय, धूर तिकडनं येतोय चुलीचा. … हां. वाऱ्याकडं तोंड करून उतरणार, म्हंजे तुजं तोंड पश्चिमेला, मग उजवं दार देवळाकडं. कळलं. भावजी! आप्पाची खुर्ची देवळाकडं घ्या! … न्हाई वं, डावं विमानाला, उजवं ह्येला! मग सांगती!

… आप्पा म्हणत्यात, एक मूठ तरी ठेवू का? उधळायचा न्हाई, नुसता तुज्या कपाळाला लावायचा. … पंखा पुरा थांबल्यावर? … तू उतरून खुर्चीपाशी येणार? … बरं. सांगती.

… आला का फोटू? … काय म्हणतोय अमृत? … खरंच? … मग नीघ, बाय. सावकाश ये. काय बी वाटलं तर फिर माघारी, आमी रागावणार न्हाई. … आन वरनं आमाला वळखायचं म्हणशील तर सोपं हाय. दोरीमागं समद्यांची कपाळं पिवळी झाल्यात.

… हॅलो? … माया?

ठेवला तिनं. आप्पा, निघाली तुमची नात! चला, खुर्चीवर बसा. … न्हाई, आत्ता न्हाई, मूठ झाकून ठेवा. तीच येऊन उघडंल.