मामांची गाडी अजून आलेली नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आगार व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, सगळे चालक-वाहक दादा आणि ताई, पहिल्या रांगेतली माझी मामी, तिच्या शेजारी तांड्यावरच्या, आपल्या सगळ्यांना आईसारख्या रुपीबाई याडी, आणि ज्यांच्यासाठी ही लाल मखमलीची, सोनेरी हातांची खुर्ची मधोमध मांडली आहे ते आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे घनश्याम मामा, जे अजून आलेलेच नाहीत, त्या सर्वांना माझा नमस्कार.

साहेब, तुम्ही मघाशी चिठ्ठी पाठवली की दोनच शब्द बोल. माफ करा, मी दिवस बुडेपर्यंत बोलणार आहे. त्याला कारण आहे.

मामा आज शेवटची फेरी घेऊन ढाणकीला गेले. दुपारीच परत यायला पाहिजे होते. फोन लागत नाही. रस्त्यात गाडी कुठेच दिसली नाही असं मागून आलेल्या दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर सांगतात. मामी, रडू नको. ऐक.

मामांबद्दल काय सांगू? "हात दाखवा, गाडी थांबवा" ही पाटी सगळ्या गाड्यांवर असते. पाळतं कोण? मामा पाळायचे. शेतातून पळत येणारी बाई असो, दारू पिऊन डुलणारा असो, मामांचा पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे. कंडक्टर सुनीलदादा चिडायचे, "मामा, तुम्ही त बुजगावण्यासाठीबी गाडी थांबवसान!" मामा म्हणायचे, "हात वर हाय न त्याचा?" हसा, हसा. खरंच म्हणायचे.

आता मूळ गोष्टीवर येते. उन्हाळ्यात मी शिकवते त्या शाळेत मुलांसाठी गोष्टींचा शनिवार सुरू केला. भर दुपारी. मला वाटलं, किती छान आयडिया! मीच रचलेली गोष्ट सांगत होते, काजळनगरची. तिथला राजा मेला. दोन राजपुत्र. धाकटा शांतसेन, थंड डोक्याचा. थोरला तप्तसेन, इतका तापट की तो चालला की वाटेवरचं गवत करपायचं. जो आधी सिंहासनावर बसेल तो राजा. तप्तसेन रथातून निघाला, वाटेत घोडे दमले, म्हणून यानं सारथ्यालाच चाबकानं मारलं. सारथ्यानं लगाम टाकला आणि निघून गेला. राजपुत्र एकटा रस्त्यावर उभा. तेवढ्यात घंटा झाली. मी म्हटलं, उरलेली गोष्ट नंतर.

खरं सांगते, पुढची मला सुचलीच नव्हती.

त्याच दुपारी मामांच्या ढाणकीच्या गाडीला एका बाभळीपाशी कोणीतरी हात दाखवला. याडी त्या गाडीत होत्या. त्यांनीच मला सांगितलं. तरणाबांड पोरगा, अंगात जरीचा कोट, पायांत काही नाही. चढला तशी गाडीत भट्टीसारखी झळ आली. सुनीलदादा सवयीनं म्हणाले, "तिकीट काढा, राजेहो." तो गर्रकन वळला. "मला राजा म्हणणारा तू पहिलाच," असं म्हणाला. मग मामांवर ओरडला, "हाक! माझ्या आधी तो बसता कामा नये!"

मामा शांतपणे म्हणाले, "आधी बूड टेकवा. उभ्या मानसाची गाडी मी हाकत नाही."

तो बसला नाही. बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून मामांनी तरी गाडी हाकली. आणि याडी सांगतात, कपाशीची शेतं संपली. ऊन होतं, पण कशाचीच सावली पडत नव्हती. लांब एक काळा किल्ला दिसायचा, गाडी तिकडं जायची, आणि वळण घेतलं की पुन्हा तीच बाभूळ. इतकी वर्षं त्या रस्त्यावर गाडी हाकलेला माणूस, भर दुपारी वाट चुकला. शेवटी तो पोरगा जिथं चढला तिथंच उतरला. दारात उभा राहून म्हणाला, "मी इथंच आहे."

याडी दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभ्या. "काहून वं पोरी, दिवसा गोष्ट सांगून राह्यली? मामा वाट चुकते, मालूम नाही तुले? अन् सांगितली त सांगितली, अर्धी कायले सोडली? पुढचा रस्ताच तू केला नाही, त गाडी जाईन कुठं?"

मी हसले होते.

मामांनी मग रूट बदलून घेतला. पण आजची शेवटची फेरी त्यांनी स्वतः मागून ढाणकीची घेतली, आणि सुनीलदादांनाही इथंच ठेवून एकटेच निघाले. मी पाया पडले, नका जाऊ म्हटलं. म्हणाले, "तो हात वर करून उभा असन न बाई. उद्यापासून त्याच्यासाठी कोण थांबीन?"

खिडकीतून बघा. दिवस बुडाला. याडी, आता सांगू?

त्या म्हणतात, हुंकार पाहिजे. तर मंडळी, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "हाव" म्हणायचं. साहेब, तुम्हीसुद्धा.

तप्तसेनाला एक लाल गाडी भेटली. हाव.

या खेपेला तो सीटवर बसला. हाव.

रस्ता सरळ झाला, बाभूळ मागं पडली. हाव.

मुलांना शांतसेन राजा व्हायला पाहिजे होता. मलाही. पण मग हा तापट माणूस रागानं ड्रायव्हरला कधीच सोडणार नाही. म्हणून शांतसेन दारात थांबला आणि म्हणाला, दादा, तू बस. हाव.

तप्तसेनानं ड्रायव्हरला हात जोडले आणि घरी जा म्हणाला. हाव.

तो आत गेला. मधोमध सिंहासन होतं, लाल मखमलीचं, सोनेरी हातांचं. त्यावर तो बसला.

म्हणा ना. सगळे गप्प का झालात? मीही बघतेय. मामांच्या त्या खुर्चीची गादी दबली आहे. मागचा पडदा हलतोय, पंखा तर बंद आहे. कोणी जवळ जाऊ नका. मामी, तू म्हण. मामांसाठी म्हण.

हाव.

हॉर्न! ऐकला? आपल्याच गाडीचा आहे, मी शंभरात ओळखीन. सुनीलदादा, दार उघडा!

या मामा, या. किती धूळ ही. नाही, तिकडं नका बसू. ती खुर्ची तुमची नाही आता. इकडं या, मामीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा. हार तिथंच घालू.

अध्यक्ष साहेबांनी एवढा वेळ दिला, तुम्ही सगळ्यांनी हुंकार दिला, याडींनी वाट दाखवली, सर्वांची मी ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कोणाला उगाच ताटकळत उभं ठेवलं असेल, तर पोर समजून पोटात घाला.

तुम्हीसुद्धा, राजे.