सगळं नॉर्मल

हिंगोलीतल्या एका दवाखान्यात नीलांबरी आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर सासू, मुलगा आणि सून येऊन टेकले. सून नुकतीच आतून आली होती.

“सुधा, काय म्हनल्या डॉक्टरबाई?”

“रिपोर्ट नॉर्मल हाय म्हनल्या, आत्याबाई.”

“मंग लेकरू काहून होऊन न्हाई राहिलं?”

“आता यांची तपासनी करा म्हनल्या.”

“अनिरुद्धची? माह्यं पोरगं नॉर्मल हाय!”

“कोनी तपासलं?”

“तपासायचं काय? धडधाकट दिसून राहिला ना!”

“मी बी धडधाकटच दिसत होते. तरी दवाखाने हिंडवले, अंगारे खाऊ घातले. तकलीफ होती म्हनलं तर तुमी म्हनला, बाईच्या जातीला हे नॉर्मलच.”

“हळू बोल. लोकं ऐकून राहिले.”

“ऐकू द्या. याला दुसरी करून देऊ म्हनला, ते बी नॉर्मल. त्याच्यावर मी रडले, तर ही डोक्यानं नॉर्मल न्हाई म्हनून गावभर सांगितलं!”

“अनिरुद्ध, अरे, बोल की बायकोला!”

नीलांबरीनं मान वळवायचं मोठ्या कष्टानं टाळलं. सुधा मात्र तिच्या शेजारून ताडताड नाव नोंदवायच्या खिडकीपाशी गेली.

“पेशंटचं नाव?”

“अनिरुद्ध लिहा.”

“कुठं आहेत ते?”

“ते काय, आईच्या आडोशाला बसलेत.”

बाक करकरला.

“आई, सरक जरा. जाऊ दे मला.”