बोट लागली

२००९ साल. मिरकरवाड्याच्या स्टॉपवर बसच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे उघडा लॅपटॉप घेतलेली नसीमा आणि तिचा चुलतभाऊ अद्नान. नावं आणि नातं त्यांच्या भांडणातूनच कळलं.

"चार वाजता मच्छीमार सोसायटीला लिलावाचं वेबपान दाखवायचंय, आणि पानावर 'बोट लागली'चं बटण दाबलं तरी तुझा बोलीचा फलक ढिम्म! आज चाललं नाही तर काम चिपळूणवाल्याकडे जाईल, अद्नान."

"फलक चांगला आहे, नसीमाआपा. पण तो दुसऱ्या लायब्ररीत, दुसऱ्याच तयार कोडच्या संचात लिहिलाय. तुझ्या लायब्ररीने मारलेली हाक फक्त तिच्याच पोरांना ऐकू येते."

"मग दोघींना वेगवेगळी हाक मारू?"

"बोट लागली की लिलाववाला घरोघर सांगत फिरतो काय? धक्क्यावर एकदाच ओरडतो. तशी हाक थेट ब्राउझरकडून मार. दोन्ही लायब्रऱ्या तिथेच कान लावून बसल्यात."

"सकाळी तसंच केलं रे!"

"हाक वरपर्यंत जाऊ दे, असं लिहिलंस?"

"वरपर्यंत? मी तिथे फॉल्स, म्हणजे 'नको' टाकलंय."

"आपा! म्हणजे होडीच्या तळाशी बसून ओरडतेस. धक्क्यावर कोणाला ऐकू येणार?"

"हसू नको मेल्या, लॅपटॉप धर. हे ट्रू केलं. आता दाबते... हलला! फलक हलला! बोट लागली! बोट लागली!"

रांगेतल्या तीन कोळणींनी पाट्या उचलल्या आणि धक्क्याकडे धाव घेतली.

"मावशी, थांबा! खरी नव्हे, कम्प्युटरातली!"

"कम्प्युटरातली? मग लिलाव कधी गो?"

"चार वाजता, सोसायटीत."

"येतो आम्ही. पण पहिली बोली माझी हां!"