गोळी, चूर्ण आणि देवाचा कौल

हसू नका, सांगतो. गोवा घटकराज्य व्हायच्या आधी पेडण्यात घरोघरी मराठी की कोकणी यावरून भांडणं. आमच्या घरात मात्र भांडण होतं गोळी की चूर्ण यावरून!

माझ्या आतड्याला कायमची सूज. माशाचं तिखट हुमण सुटलं, मी पेजेवर आलो. पणजीचा डॉक्टर म्हणाला, "बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही." आईची भिस्त डिचोलीच्या वैद्याच्या चूर्णावर. शेवटी तिने मला देवाचा कौल घ्यायला नेलं.

गुरवाने मूर्तीला दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर गोळी, डावी पडली तर चूर्ण. पाकळ्या हलेनात, आणि माझ्या पोटात कळ आली. तेवढ्यात गुरवच तांब्या घेऊन पळाला. मागोमाग मी. देवळामागे संडास एकच, त्याला आतून कडी!

"गुरवकाका, बेगीन!" मी दार बडवलं.

"खंयची पडली रे?" आतून आवाज आला.

"अजून एकही नाही!"

"मगे तुझ्या आवशीक सांग, उजवी पडली." गुरव कण्हला. "आणि माका पण ती गोळी हाडून दी. मी वर्षभर तेच चूर्ण खातंय!"